एस१००ए४चं हलतं मॉडेल: प्रकल्प नोंदी, जून ते सप्टेंबर २०२५

तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात मी बीएस्सीच्या मुलांना प्राणिशास्त्र शिकवते. कर्करोग पसरण्याशी संबंध असलेल्या एका प्रथिनाचं, हातात धरता येईल आणि खरोखर हलेल असं मॉडेल या पावसाळ्यात केलं. त्या वेळी वहीत लिहिलेलं जवळजवळ तसंच इथे उतरवते आहे. ज्यांना हे करून बघायचंय त्यांनी चुकांच्या नोंदी आधी वाचाव्यात. माझे निम्मे दिवस तिथेच गेले.

८ जून, रविवार

मावशीला जाऊन मार्चमध्ये वर्ष झालं. स्तनातली गाठ काढली, किमो झाली, त्यानंतर अडीच वर्षं ती शेतात जात होती. मग कंबर दुखायला लागली आणि स्कॅनमध्ये मणक्यात डाग दिसले. "गाठ तर काढली होती ना गं, मग ही हाडात कशी गेली?" असं तिनं मला विचारलं होतं. प्राणिशास्त्रात एमएस्सी करूनही मला तिला नीट सांगता आलं नाही. वर्गातही मी फळ्यावर पेशी काढते, बाण काढते, 'मेटास्टॅसिस' (कर्करोगाचं शरीरात दुसरीकडे पसरणं) लिहिते आणि पुढे जाते. पेशी जागची हलते कशी, कोण कुणाला धरतं आणि कोण सोडतं, यातलं काहीच त्या बाणात नसतं.

म्हणून एकच रेणू घ्यायचा आणि तो पूर्ण दाखवायचा असं ठरवलं. एस१००ए४ निवडला. लहान आहे: १०१ अमिनो आम्लं, वजन सुमारे ११.७ किलोडाल्टन. शिवाय त्याची रचना तीन अवस्थांत ठाऊक आहे: कॅल्शियमविना, कॅल्शियमसह, आणि ज्या मायोसिनला (पेशीला आवळणाऱ्या-सरकवणाऱ्या प्रथिनाला) तो धरतो त्याच्या तुकड्यासह. तिन्ही फाइली प्रोटीन डेटा बँकेत फुकट मिळतात.

प्रमाण ठरवलं: १ अँगस्ट्रॉमला अडीच मिलिमीटर. अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग, म्हणजे मॉडेल अडीच कोटी पट मोठं. खर्चाची मर्यादा ३००० रुपये. फिजिक्स विभागातला थ्रीडी प्रिंटर (२२० बाय २२० मिमीचा पाट) वापरायची परवानगी मिळाली.

१० जून

आजचा दिवस नावांनी खाल्ला. या प्रथिनाला प्रत्येक प्रयोगशाळेनं वेगळं नाव दिलेलं आहे. १९८९ साली मॉस्कोत युजीन लुकानिदिन यांच्या गटाला उंदराच्या स्तनग्रंथीच्या, पसरणाऱ्या गाठींमध्ये हे जनुक जास्त सक्रिय आढळलं आणि त्यांनी त्याला एमटीएस१ म्हटलं. त्यावरून प्रथिनाचं नाव मेटास्टॅसिन. इतरांनी त्यालाच पी९केए, १८ए२, सीएपीएल, कॅल्व्हास्क्युलिन अशी नावं दिली. फायब्रोब्लास्ट (अवयवांना आधार देणाऱ्या जोडऊतीतल्या) पेशींवर काम करणारे एफएसपी१ म्हणतात. मी एफएसपी१ शोधत गेले आणि चार तास भलत्याच प्रथिनावर वाचत बसले. फेरोप्टोसिस नावाच्या पेशीमृत्यूला रोखणाऱ्या एका दुसऱ्याच प्रथिनालाही आता एफएसपी१ म्हणतात. त्याचा याच्याशी संबंध नाही.

शोधताना युनिप्रॉटचा (प्रथिनांची माहिती ठेवणाऱ्या संकेतस्थळाचा) क्रमांक वापरा: पी२६४४७. तिथे मानवी साखळीचा पूर्ण क्रम आहे. तो मी छापून भिंतीवर लावला आणि पुढे महिनाभर त्याच्याकडे बघत होते. क्रमांकांबाबतही सावध राहा. पेशीत सुरुवातीचं मेथिओनिन काढून टाकलं जातं, त्यामुळे एस१०० कुटुंबावरच्या (एस१००ए४ ज्यातलं आहे त्या प्रथिनांच्या गटावरच्या) काही निबंधांत मोजणी एकानं सरकलेली असते. मी मेथिओनिनला १ धरते आहे.

१४ जून, शनिवार

फाइली उतरवल्या. १एम३१: कॅल्शियमविना, एनएमआरनं (चुंबकीय क्षेत्र वापरून रेणूची रचना काढण्याच्या पद्धतीनं) काढलेली, २००२चा निबंध. २क्यू९१: कॅल्शियमसह, स्फटिकावरून, २००८. ३झेडडब्ल्यूएच: मायोसिनच्या शेपटीच्या तुकड्यासह, बुडापेस्टच्या गटानं काढलेली, २०१२. पाहण्यासाठी चिमेराएक्स हे सॉफ्टवेअर घेतलं. शिक्षणासाठी ते फुकट आहे.

१एम३१ उघडली तर पडद्यावर केसांचा गुंता. फाइल बिघडली समजून तीनदा पुन्हा उतरवली. बिघडलेलं काही नव्हतं. एनएमआरमध्ये एकच रचना मिळत नाही, मोजमापांशी जुळणाऱ्या अनेक रचना एकाच फाइलीत ठेवलेल्या असतात, आणि चिमेराएक्स त्या सगळ्या एकावर एक दाखवतं. पहिली ठेवली, बाकीच्या लपवल्या. मात्र लपवण्याआधी पाच मिनिटं तो गुंता नीट बघा. जिथे सगळ्या रचना एकमेकींवर चपखल बसतात तो भाग पक्का, जिथे पिसारा फुलल्यासारखा दिसतो तो भाग सैल. शेवटच्या टोकाला पिसारा आहे. हे पुढे उपयोगी पडलं.

२२ जून

पहिली छपाई. दोन चुका एकाच दिवशी.

चिमेराएक्समधून एसटीएल (थ्रीडी छपाईची) फाइल काढली की १ अँगस्ट्रॉमचा १ मिमी होतो. स्लायसरमध्ये (प्रिंटरसाठी फाइल तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) २५० टक्के करायला विसरले आणि आगपेटीएवढं काहीतरी हाती आलं. दुसऱ्यांदा प्रमाण बरोबर घेतलं, पण रिबनची (साखळी दाखवणाऱ्या पट्टीची) जाडी मूळचीच ठेवली होती. ती ०.४ अँगस्ट्रॉम, म्हणजे छापल्यावर १ मिमी. आधार काढताना पहिली हेलिक्स (साखळीचा मळसूत्रासारखा वळलेला भाग, असे चार आहेत) तुटली, मग चौथी. साडेपाच तास गेले.

जाडी १.२ अँगस्ट्रॉम करा, छापल्यावर ३ मिमी होते. त्याखाली जाऊ नका.

तुटलेल्या तुकड्यांतूनही काम निघालं. मी एकच साखळी छापली होती, कारण 'एक प्रथिन म्हणजे एक साखळी' हे डोक्यात बसलेलं. तृतीय वर्षाच्या एका मुलीला तेल-पाणी रंगसंगती दाखवत होते (पाणी टाळणारी अमिनो आम्लं पिवळी, पाणी आवडणारी निळी). ती म्हणाली, "मॅडम, पहिल्या आणि चौथ्या हेलिक्सची ही बाजू सगळी पिवळी आहे. ही बाहेर उघडी कशी राहील?" राहत नाहीच. एस१००ए४ जोडीनं असतो. दोन सारख्या साखळ्या, आणि प्रत्येकीची पहिली व चौथी हेलिक्स मिळून मधला गाभा होतो. एकटी साखळी छापणं म्हणजे अर्धं प्रथिन छापणं. जोडी छापायची.

फाइलीत दोनपेक्षा जास्त साखळ्या असतील तर स्फटिकात शेजारी बसलेल्या कुठल्याही दोन साखळ्यांना जोडी समजू नका. दोन्हींच्या पहिल्या आणि चौथ्या हेलिक्स मध्ये गुंफलेल्या दिसल्या तरच ती खरी जोडी.

२९ जून

चिमेराएक्समध्ये 'स्ट्रट्स' नावाची आज्ञा आहे. छपाईसाठी ती साखळीच्या जवळच्या भागांमध्ये बारीक टेकू घालते. हे मला आधी माहीत असतं तर आठवडा वाचला असता. जोडी आता टेबलावरून खाली पडूनही टिकली. आकार तेरा-चौदा सेंटिमीटर, दोन्ही तळव्यांत मावतो. छपाई ११ तास.

त्याआधी एकदा सातव्या तासाला वीज गेली. परत आल्यावर प्रिंटरनं जिथून सोडलं तिथूनच सुरू केलं खरं, पण पाट गार पडल्यामुळे तुकडा सुटलेला होता. आता रात्री दहानंतर लावते, तेव्हा इकडे वीज सहसा जात नाही.

५ जुलै

पावसानं प्लास्टिक खराब केलं. छापताना नोझलमधून चट-चट आवाज, तुकड्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे, पृष्ठभाग खरबरीत. पीएलए हवेतली ओल शोषून घेतं आणि नोझलच्या उष्णतेत त्या पाण्याची वाफ होते. मी तापमान बदलून, वेग बदलून चार दिवस घालवले, आणि कारण रिळात होतं. रीळ रसायनशास्त्राच्या ओव्हनमध्ये ४५ अंशांवर सहा तास ठेवलं. त्याहून जास्त तापवलं तर धागा मऊ पडून एकमेकाला चिकटतो. मग रबरी झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह. कोकणात किंवा घाटमाथ्यावर राहत असाल तर हा डबा पहिल्या दिवशीच घ्या.

१३ जुलै, रविवार

आज खरं काम सुरू झालं: कॅल्शियम आल्यावर काय हलतं ते मोजणं.

मी १एम३१ आणि २क्यू९१ एकमेकांवर बसवल्या आणि सगळीकडे थोडा थोडा फरक दिसला. पहिली हेलिक्स थोडी सरकलेली, दुसरी थोडी, तिसरी जास्त, चौथी थोडी. यातून मुलांना काय दाखवणार? बराच वेळ विचार केल्यावर चूक सापडली. मी अख्खी साखळी अख्ख्या साखळीवर बसवत होते, आणि सॉफ्टवेअर सगळीकडची चूक कमीत कमी करायला जातं. म्हणजे एका जागेचा मोठा फरक ते सगळ्यांमध्ये वाटून टाकतं. त्याऐवजी फक्त गाभा, दोन्ही साखळ्यांच्या पहिल्या आणि चौथ्या हेलिक्स, एकमेकांवर बसवला. बाकीचं जिथे पडेल तिथे पडू दिलं.

आणि चित्र स्वच्छ झालं. तिसरी हेलिक्स, साधारण ५१ ते ६२ क्रमांकांची, दारासारखी उघडते. कॅल्शियमविना ती चौथीला जवळजवळ समांतर, तिच्या अंगावर रेललेली असते. कॅल्शियम आल्यावर ती चौथीशी काटकोनाच्या जवळपास जाते. एस१०० कुटुंबात हा फेर ४० अंशांच्या आसपास सांगतात, पण कोणती रेघ धरून मोजता त्यावर आकडा बदलतो. मी बिजागरीला ६० अंशांपर्यंत मोकळीक ठेवली आणि खिट्टी लावायला तीन भोकं.

दार उघडल्यावर आत पिवळं दिसतं. ४५ क्रमांकाचं फेनिलअलानिन, ८२चं आयसोल्युसिन, ८५चं मेथिओनिन, ८९चं फेनिलअलानिन: पाण्यापासून लपवलेली बाजू उघडी पडते. त्या खाचेतच मायोसिन येऊन बसतं. गाभ्यावर बसवलेलं ते चित्र मी रात्री साडेअकराला फिरवून फिरवून पाहिलं. मावशीला दाखवायला हवं होतं असं फार वाटलं.

१५ जुलै

कॅल्शियम धरणाऱ्या दोन जागा प्रत्येक साखळीत आहेत आणि त्या सारख्या नाहीत. मी सारख्या समजून दोन्हीकडे एकच खोबण काढली होती, ती रद्द केली.

दोन्ही जागांच्या रचनेला ईएफ-हँड म्हणतात. हे नाव कार्प माशाच्या पार्व्हाल्ब्युमिन प्रथिनावरून आलं, त्याच्या 'ई' आणि 'एफ' या दोन हेलिक्सवरून. उजव्या हाताची तर्जनी आणि अंगठा ताणून धरा, उरलेली बोटं मुडपा: तर्जनी म्हणजे एक हेलिक्स, अंगठा दुसरी, मुडपलेल्या बोटांचा फास कॅल्शियमभोवती. वर्गात हे हातानंच शिकवते.

दुसरी जागा या नमुन्याबरहुकूम आहे: ६३ ते ७४, बारा अमिनो आम्लांचा फास. ६३, ६५ आणि ६७ क्रमांकांच्या बाजूसाखळ्या, ६९च्या कण्याचा (साखळीच्या मुख्य धाग्याचा) ऑक्सिजन, पाण्याचा एक रेणू, आणि ७४चं ग्लुटामेट दोन ऑक्सिजननी. एकूण सात हात. पहिली जागा, २० ते ३३, चौदांची आहे आणि एस१०० कुटुंबाची खास आहे. तिथे कॅल्शियमला मुख्यतः कण्याचे ऑक्सिजन धरतात (२०, २३, २५, २८), आणि ३३चं ग्लुटामेट दोन हातांनी. ही पहिली जागा कॅल्शियम नसतानाही जवळपास तयार आकारात असते आणि त्याला सैल धरते. दार उघडतं ते दुसऱ्या जागेमुळे. म्हणून मॉडेलमध्ये पहिली जागा स्थिर आणि दुसरी चालती ठेवायची.

२० जुलै ते ३ ऑगस्ट

बिजागरीचे पंधरा दिवस. एकत्र लिहिते, कारण रोज तेच चाललं होतं.

दुसरी आणि तिसरी हेलिक्स जोडणारा दुवा (४३ ते ५०) आणि कॅल्शियमचा दुसरा फास, हे दोन्ही भाग वाकायला हवेत. मला वाटलं, टीपीयू नावाचं रबरासारखं प्लास्टिक मिळतं, त्यात हे दोन तुकडे छापू. अर्धा किलोचं रीळ ८५० रुपयांना मागवलं. आमच्या प्रिंटरमध्ये धागा लांब नळीतून ढकलला जातो. मऊ टीपीयू त्या नळीत दुमडलं, अडकलं, नोझल चोंदली. सात प्रयत्न, एकही तुकडा पूर्ण नाही. नवी नोझल १२० रुपये. तुमच्या प्रिंटरची मोटर थेट नोझलवर बसवलेली नसेल तर टीपीयूच्या नादी लागू नका.

शेवटी दीड मिमीची अॅल्युमिनियमची तार घेतली आणि तिच्यावर इलेक्ट्रिशियन वापरतात ती आकसणारी नळी चढवली. दुव्याची लांबी कणा मोजून काढली: एका अमिनो आम्लापासून पुढच्यापर्यंत ३.८ अँगस्ट्रॉम, मॉडेलमध्ये साडेनऊ मिमी. तार मी आधी अंदाजानं कापली होती. ती आखूड पडली आणि दार अर्ध्यावर अडत होतं. ते पाहून मला वाटलं, आपण कोनच चुकीचा मोजला की काय, आणि १३ तारखेचं सगळं काम पुन्हा तपासलं. कोन बरोबर होता. तार अकरा मिमीनं लांब केली आणि दार पूर्ण उघडलं.

टेकूंनीही घोळ घातला. 'स्ट्रट्स'नं तिसऱ्या आणि चौथ्या हेलिक्समध्येही टेकू घातले होते, म्हणजे दार चौकटीला खिळलेलं. तिसरी हेलिक्स वेगळी छापा आणि उरलेल्या भागावरच टेकू चालवा.

१० ऑगस्ट, रविवार

कॅल्शियम सापडलं सायकलच्या दुकानात. अडीच मिमीच्या प्रमाणात कॅल्शियमच्या आयनचा व्यास साधारण सव्वापाच मिमी येतो. पुढच्या चाकाच्या हबमधला छर्रा पावणेपाच मिमीचा असतो. गुळगुळीत, जड, चकचकीत आणि लोखंडी. दोन डझन ५० रुपयांना. दुकानदार काकांनी कशाला हवेत ते विचारलं, मी सांगितलं, तर त्यांनी स्वतः नवे, न गंजलेले निवडून दिले.

रचना अशी होती: ७४च्या बाजूला खोबण, तळाशी चुंबक. तिसऱ्या हेलिक्सच्या मुळाशी, ६३च्या जागी, दुसरं चुंबक. बारीक रबरानं दार मिटलेलं. खोबणीत छर्रा ठेवला की ६३चं चुंबक त्याकडे ओढलं जाणार आणि दार उघडणार.

पण दार छर्रा न ठेवताच उघडलं. दोन चुंबकं एकमेकांनाच ओढत होती. एक उलटं करून लावलं तर ती एकमेकांना ढकलायला लागली आणि छर्रा ठेवल्यावरही दार डळमळत राहिलं. अख्खी संध्याकाळ गेल्यावर ७४चं चुंबक काढूनच टाकलं. खोबण थोडी खोल केली, म्हणजे छर्रा दाबून बसतो आणि आपोआप पडत नाही. चुंबक एकच, ६३ला. छर्रा नाही तर ओढण्यासारखं काही नाही. ३ मिमीचं चुंबक रबरापुढे कमी पडलं, ५ बाय ३चं बसवलं. रात्री पावणेदहाला पहिल्यांदा छर्रा दाबला आणि तिसरी हेलिक्स टक् करून फिरली. नंतर वीस वेळा केलं, वीसही वेळा फिरली.

१७ ऑगस्ट

आज मायोसिन, आणि आजची चूक वाचणाऱ्यांनी नक्की टाळावी.

जोडीला दोन खाचा, म्हणून मी मायोसिनचे दोन तुकडे छापले, प्रत्येक खाचेत एक. सममित, देखणं, आणि चूक. ३झेडडब्ल्यूएच मी जूनमध्ये उतरवली होती, पण उघडली नव्हती. उघडल्यावर दिसलं की मायोसिनची एकच साखळी अख्ख्या जोडीभोवती वेढा घालते आणि दोन्ही खाचा तीच भरते. दोन सारख्या साखळ्यांच्या सममित जोडीवर पाहुणा असा असममित बसतो. जी अवस्था दाखवायची तिची फाइल आधी उघडा. माझे सहा तासांचे दोन तुकडे वाया गेले.

नव्यानं छापण्याऐवजी वेगळं सुचलं. स्नायूबाहेरच्या पेशींमधल्या या मायोसिनची (प्रकार दोन-ए) शेपटी म्हणजे दोन साखळ्यांचा पीळ. अशा शेपट्या शेजारी शेजारी रचून तंतू बनतात, आणि त्या तंतूंच्या जोरावर पेशी स्वतःला आवळते, टेकते, सरकते. कॅल्शियम धरलेला एस१००ए४ शेपटीच्या टोकाकडचा एक पदर धरतो. तिथला पीळ उकलतो, शेपट्यांची रचना टिकत नाही, तंतू सुटा होतो. पीळ, पदर, उकलणं: हे सगळं सुतळीत आहेच. वाण्याकडून दोनपदरी सुतळी आणली, टोकाचा वीतभर पीळ उलटा फिरवून मोकळा केला, एक पदर जोडीभोवती वळवून दोन्ही खाचांत बसवला. संगणकावरची फाइल जे दाखवू शकली नव्हती ते तीस रुपयांच्या सुतळीनं दाखवलं. पदर खाचेतून निसटू नये म्हणून दोन जागी लोखंडी मणी ओवले आणि खाचेच्या तळाशी उरलेली ३ मिमीची चुंबकं बसवली.

मुलांना इथे नेहमी प्रश्न पडतो: तंतू मोडला तर पेशी हलायची थांबेल ना? सरकणाऱ्या पेशीला तंतू सतत एका जागी मोडून दुसरीकडे बांधावे लागतात. जुने सुटले नाहीत तर ती जागीच जखडून राहते. हे मला सांगून पटवता येत नव्हतं, सुतळी सोडून पुन्हा वळून दाखवल्यावर पटलं.

२४ ऑगस्ट

रंग. पीएलएवर साधा अॅक्रिलिक रंग धरत नाही, पोपडे निघाले. गल्लीतल्या गणपतीच्या कारखान्यात त्या दिवसांत कुणाला बोलायला फुरसत नसते, तरी तिथल्या काकांनी मॉडेल हातात घेतलं, नखानं खरवडलं आणि सांगितलं, "आधी दोनशे वीसचा पॉलिश पेपर मार, मग प्रायमरचे दोन पातळ हात, मध्ये चार तास सोड." तसं केलं, रंग बसला. गाभा राखाडी, तिसरी हेलिक्स लाल, खाच पिवळी, दोन्ही फास हिरवे. पुढचे काही दिवस घरी गौरी-गणपती, काम बंद.

१३ सप्टेंबर

वर्गात नेलं. ३८ मुलं, सहा गट.

छर्ऱ्याचं दार सगळ्यांना एका मिनिटात कळलं. तीन गोष्टी मात्र चुकीच्या पोचल्या, आणि त्या माझ्या मॉडेलमुळे पोचल्या.

एक, टेकूंना मुलांनी रासायनिक बंध समजलं. सगळे टेकू काळे केले आणि पेटीच्या झाकणावर 'काळं ते प्रथिनात नाही' असं लिहिलं.

दोन, शेवटचं टोक. बऱ्याच स्फटिकांत साखळीच्या शेवटची काही अमिनो आम्लं दिसतच नाहीत, कारण ती एका जागी थांबत नाहीत. १४ जूनला पाहिलेला पिसारा तो हाच. माझ्या मॉडेलमध्ये तिथे साखळी नुसती संपत होती, त्यामुळे मुलांनी ती तिथे संपते असंच मानलं. या टोकाला आर्जिनिन आणि दोन लायसिन असे धनभार आहेत आणि मायोसिनला धरण्यात ते मदत करतात, म्हणून ते वगळून चालणार नाही. आता तिथे निळ्या लोकरीचा मोकळा धागा चिकटवला आहे.

तीन सगळ्यात महत्त्वाची. तास संपल्यावर एक मुलगा थांबला. त्याच्या आईला स्तनाचा कर्करोग आहे आणि डॉक्टरांनी कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या आहेत. "मॅडम, मग त्या बंद करायला सांगू का?" माझ्या पोटात गोळा आला. त्याला बसवून सांगितलं: या गोळ्यांचा आणि छर्ऱ्याचा संबंध तू समजतोस तसा नाही. पेशीच्या आत कॅल्शियम अतिशय कमी ठेवलेलं असतं आणि इशारा म्हणून क्षणभर वाढतं. ते पेशी स्वतः ठरवते, आणि रक्तातली पातळीही शरीर फार काटेकोरपणे राखतं. आईच्या गोळ्या हाडांसाठी आहेत, त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत. संध्याकाळी त्याच्या घरीही फोन केला. हे मॉडेल दाखवणाऱ्या प्रत्येकानं ही गोष्ट पहिल्या पाच मिनिटांत सांगावी.

त्याच बरोबर हेही सांगावं की हे प्रथिन कर्करोग सुरू करत नाही. ज्या उंदरांमध्ये ते मुद्दाम जास्त बनवलं त्यांना केवळ त्यामुळे गाठी झाल्या नाहीत. दुसऱ्या कारणानं गाठी होणाऱ्या उंदरांमध्ये मात्र त्या फुप्फुसात पसरल्या. आणि निरोगी शरीरातही फायब्रोब्लास्ट आणि प्रतिकार करणाऱ्या काही पेशी ते वापरतात, कारण त्यांनाही हलावं लागतं.

२० सप्टेंबर, शनिवार

हिशेब. पीएलए १ किलो ९५०, टीपीयू ८५०, नोझल १२०, डबा आणि सिलिका जेल ३८०, चुंबकं ३२०, प्रायमर-रंग ४१०, तार ६०, नळी ४०, गोंद ६०, छर्रे ५०, सुतळी आणि मणी ३०. एकूण ३२७०. टीपीयू आणि त्यानं चोंदलेली नोझल सोडली तर २३००मध्ये होतं. प्लास्टिक ७०० ग्रॅम गेलं, त्यातलं शेवटच्या मॉडेलमध्ये २१० ग्रॅम. छपाईचे एकूण तास ६४, त्यातले ३० वाया.

दुरुस्ती बाकी: तिसऱ्या हेलिक्सची पिन दीड मिमीची आहे, तीनशेएक वेळा उघडमीट झाल्यावर भोक सैल झालं. दुसरा संच शेजारच्या तालुक्यातल्या कॉलेजसाठी करते आहे, त्यात २ मिमीची पिन आणि भोकात पितळी नळी. रबर दर दोन महिन्यांनी बदला, पावसाळ्यात दर महिन्याला. छर्ऱ्यांना मशीनच्या तेलाचा एक थेंब लावून पुसून ठेवा, नाहीतर गंजतात. पेटीत दोन छर्रे जास्तीचे टाका. सहा गटांमधून एक तरी हरवतो.